शेकायले कोण आहे घरी

ऐका न, ही महाल मोहल्ल्यातल्या अंजनाबाईची गोष्ट आहे. तुम्ही म्हणान, कोण अंजनाबाई, आम्ही तं नाही ओळखत बाप्पा. तुम्ही नसान ओळखत, पण तिनं तुम्हाले ओळखलं असतं, अन् तेही तोंडावरून नाही, मांड्यांवरून. महालात अन् इतवारीत जे पोट्टे-पोट्ट्या जन्मले, त्यातले कितीतरी तिच्या पायांवर न्हाऊन मोठे झाले. मालीशवाली न ती! उजाडलं की कोणाच्या तरी न्हाणीत पाटावर बसे, पाय लांब करे, नडग्यांवर लेकरू उलटं टाके, अन् तिळाचं कोमट तेल घेऊन असं रगडे की लेकरू आधी भोकाड पसरे, मग नुसतं कुरकुरे, अन् धुरी देऊन होईस्तोवर ढाराढूर. मग बाळंतिणीची पाळी. पाठ, कंबर, पोट. पोरी आपल्या मायले जे सांगत नसत ते अंजनाबाईले सांगत, कारण पाठीवर तिचा हात असला की तोंड आपोआप उघडे.

पण हे काम कसं आहे पाहा, सव्वा महिन्याचं आहे. सव्वा महिना झाला की साडी देतात, ओटी भरतात, पाया पडतात, अन् मग दार लागते. मुद्दाम कोणी लावत नाही, पण आता तिले बोलवतील कायले? दुसरं लेकरू होईस्तोवर तिचं काही काम नाही, अन् आजकाल लोक एकावरच थांबतात. म्हणजे महालातली सारी घरं तिले आतून माहीत, कोणाच्या न्हाणीत उजेड आहे अन् कोणाच्या नाही इथपर्यंत माहीत, अन् सहज जाऊन बसायले एक घर नाही. नवरा कधीचाच गेला. मूलबाळ झालं नाही. भाऊ होता काटोलले, तोही गेला. गल्लीच्या टोकाले एक खोली, एक गॅस, एक खाट.

आधी ती रस्त्यात थांबवायची पोट्ट्यांना. एकदा काय झालं, पियुष दिसला. हा एवढा दंड, दाढी, बुलेट, अन् चहाच्या टपरीवर मित्रांचा घोळका. अंजनाबाईले इतका आनंद झाला की ती सरळ मधात घुसली.

"काय रे, पियुष न तू? तुह्या डाव्या कुल्ल्यावर तो काळा डाग आहे न अजून?"

झालं! ते मित्र असे हसले की एकाच्या नाकातून चहा आला. "काय बे पियुष, मावशीले तं सारं माहीत आहे तुह्यं!" अन् पियुष लालबुंद. "कोण गा तुम्ही मावशी?" असं म्हणून त्यानं बुलेटले किक मारली. तो वाईट पोट्टा नाही, लाजला बिचारा. पण अंजनाबाईनं त्या दिवसापासून रस्त्यात कोणाले थांबवणं सोडलं. ते समोरून जात, ती मनातच म्हणे, हा पायाळू, हिले दूध पचत नव्हतं, ह्याची मान कितीतरी दिवस सावरत नव्हती. अन् चालत राहे.

आता दुखण्याचं सांगतो. दिवाळी झाली अन् एक दिवस सकाळी तिची बोटं उघडेचनात. जशी कोणी झोपेत सुतळीनं आवळून बांधली. ऊन चांगलं वर आलं तेव्हा कुठं थोडी सैल झाली. मग मनगटं सुजली, मग गुडघा, मग गुडघ्याची सूज उतरली अन् खांदा धरला. आज इथं तं उद्या तिथं, जसा आंगात कोणी पाहुणा येऊन ह्या खोलीतून त्या खोलीत फिरून राहिला. आंग कसकस करे, जिभेवर पांढरा थर, जेवण पाहूनच पोट भरे.

आता तुम्हीच सांगा, जिची सारी जिंदगी तेलात गेली ती काय करीन? तेलच लावीन न! तिनं तिळाच्या तेलात लसूण टाकला, ओवा टाकला, मेथी टाकली, चांगलं कढवलं, वरून कापूर. अन् रगडलं. सकाळी सूज अजून वाढली. तिले वाटलं, तेल कमी पडलं. मग दुप्पट रगडलं. दुसऱ्या दिवशी मूठ तं सोडा, चहाचा कप धरता येईना. तरी तिच्या मनात एकदाही आलं नाही की तेलच चुकत असंन. कसं येईन? तेलावर शंका म्हणजे स्वतःवरच शंका.

त्यातच ते झालं. एका घरी लेकराले आंघोळ घालून उचलून राहिली होती. ओलं लेकरू, तेलकट, मासोळीसारखं. अन् बोटं मिटेचनात. लेकरू सरकलं, तिनं कोपरानं छातीशी दाबून धरलं, वाचलं. लेकराले काय, ते हसलं. त्याच्या मायनं पाहिलंही नाही, ती टॉवेल आणायले गेली होती. पण अंजनाबाईनं पाहिलं न. ती उठली अन् म्हणाली, "मी गावाले चालली पोरी, भाचीकडे. उद्यापासून दुसरी पाहून घे." गाव नाही न भाची नाही. पण ती भाची तिथून पैदा झाली, हे ध्यानात ठेवा.

मग रामदासपेठेत एका मोठ्या डॉक्टरकडे गेली. त्यानं रक्त तपासलं, संधिवात सांगितला, गोळ्या देल्या. गोळ्यांनी दुखणं थोडं नरमलं, पण सकाळची ती सुतळी काही सुटेना. औषधाच्या दुकानात लाइनीत एक बाई म्हणाली, जोडीनं आयुर्वेदाचंही करून पाहा, मोठा दवाखाना आहे, हजार पेशंट येतात. अंजनाबाई गेली. तिले वाटलं तिथं कोणी पिकल्या मिशीचा वैद्य असंन, अन् पाहते तं खुर्चीत एक पोरगी. डॉक्टर अबोली. नाडी पाहिली, जीभ पाहिली, रामदासपेठेतले कागद वाचले, मग हात हातात घेऊन वास घेतला.

"मावशी, काय लावता हाताला?"

अंजनाबाई खुलली. इतक्या दिवसांनी कोणीतरी तिच्या धंद्याचं विचारलं. तिनं लसणापासून कापरापर्यंत सारं सांगितलं, कोणतं आधी टाकायचं, जाळ केवढा ठेवायचा.

"बंद करा."

"काय बंद करू?"

"तेल. लावायचं तेल एकदम बंद."

"अवं बाई, तेलानं मी लेकरं उभी केली न!"

"लेकरांचं बरोबर आहे मावशी. त्यांच्या अंगात हे नाही. तुमचं खाल्लेलं नीट पचत नाहीये, त्याचा आत चिकटा तयार होतो. आम्ही त्याला आम म्हणतो. तो अंगभर फिरतो आणि सांध्यात जाऊन बसतो. आमवात म्हणतात ह्याला. आता चिकट्यावर तुम्ही तेल रगडता, म्हणजे काय होईल? तव्याला खरकटं चिकटलंय आणि तुम्ही वरून डालडा ओतताय."

तव्याचं अंजनाबाईले समजलं. अन् तेच लागलं.

"म्हणजे तेल कधीच नाही?"

"पुढे पाहू. आधी सुकवायचं, पचवायचं. आणि तेल आहे न, एरंडेल. पण ते प्यायचं. सुंठीच्या काढ्यात."

"लावायचं बंद अन् प्यायचं सुरू?"

"हो."

"माय वं," अंजनाबाई म्हणाली, अन् दोघीही हसल्या.

मग डॉक्टरीणबाईनं पथ्य सांगितलं. दही नाही, उडीद नाही, थंड पाणी नाही, मुगाचं कढण, ज्वारीची भाकर, पोट थोडं रिकामं ठेवायचं, सुंठीचं पाणी प्यायचं. रामदासपेठेतल्या गोळ्या मनानं सोडायच्या नाहीत, हे दोनदा सांगितलं. अन् मुख्य म्हणजे वाळूची पोटली. कोरडा शेक. वाळू कढईत भाजायची, सुती कपड्यात बांधायची, अन् सांध्यांवर फिरवत राहायचं, एक थंड झाली की दुसरी.

"तुमचे दोन्ही हात धरलेत, तुम्हाला एकटीला जमणार नाही. शेकायला कोण आहे घरी?"

आता डॉक्टरीणबाई जिथं बसे तो हॉल कसा होता ते सांगतो. बाकावर सारे पेशंट, अन् एकही जण एकटा नाही. एका म्हाताऱ्याची सून पाण्याची बाटली घेऊन. एका बाईचा पोरगा तिची चप्पल सरळ करून राहिला होता. अन् सारे ऐकून राहिले होते, कारण दुसऱ्याचं दुखणं ऐकायले मजा येते न. अंजनाबाईनं त्या साऱ्यांकडे पाहिलं अन् तिच्या तोंडून निघालं,

"आहे न. भाची आहे."

घरी येताना तिनं रस्त्यावरच्या बांधकामातून ओंजळभर रेती मागून आणली. चाळली, धुतली, गच्चीवर सुकवली, कढईत भाजली. इथपर्यंत जमलं. पण गाठ कशी बांधायची? बोटं वळेचनात. दातानं ओढली. मग पोटली धरायची कशी? एका सुजल्या हातानं दुसरा सुजला हात शेकून पाहा तुम्ही, जमते का. मग तिनं काय केलं असंन? खाली बसली, पाय लांब केले, दोन नडग्यांच्या मधात पोटली दाबून धरली, जिथं लेकरं पडून राहत न बरोबर तिथं, अन् स्वतःचा हात तिच्यावर फिरवत राहिली. मनगटं कशीबशी शेकली. खांद्याचं काय करणार? भिंतीले पोटली टेकवून खांदा तिच्यावर घासला, तं पोटली खाली पडली.

शेजारची वच्छला एक दिवस आली. स्वभावानं चांगली बाई, आवाज मात्र लाउडस्पीकर. तिनं तो हात पाहिला अन् छातीच बडवली.

"अवं अंजने, हे काय करून घेतलं वं! बस इथं, दे हात, मी तेल लावून देतो."

"नाही वं, तेल चालत नाही मले."

"काय चालत नाही?"

"तेल. डॉक्टरनं बंद केलं."

वच्छला कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मालीशवाली तू, अन् तुले तेल चालत नाही? माह्या तीन लेकरांले काय मग पाण्यानं रगडलं होतं का?"

"तसं नाही वं..."

"नाही लावू द्यायचं तं सरळ सांग. माह्या हाताले काही काटे नाहीत."

अन् गेली फणकाऱ्यात. आता पाहा, वच्छलाजवळ प्रेम करायची एकच तऱ्हा होती, तेल लावून देणं. ती तिनं पुढं केली अन् हिनं परत केली. अंजनाबाईच्या अगदी ओठावर आलं होतं, तेल नको पण ही पोटली धरशीन का? पण तोवर वच्छलानं दार आपटलं होतं. अन् खरं सांगायचं तं तिले मागताच येत नव्हतं. सारी जिंदगी लोकांच्या आंगाले हात लावला, पण आपल्या आंगाले लाव असं कोणाले म्हणायची वेळच आली नव्हती. ते वाक्य कसं सुरू करतात तेच तिले माहीत नव्हतं.

अन् मग एका सकाळी दातानं बांधलेली गाठ सुटली, अन् गरम रेती मनगटावर.

दवाखान्यात डॉक्टर अबोलीनं तो फोड पाहिला अन् कपाळाले आठ्या.

"हे भाचीनं केलं?"

"लहान आहे न ती. समजत नाही तिले."

"तिला घेऊन या पुढच्या खेपेला. मी दाखवते कसं करायचं. अशानं फायदा सोडून नुकसानच होईल. हात परत चालायला हवेत न तुम्हाला?"

हात. हेच तं होतं सारं. हात चालले तं पाट, न्हाणी, लेकरू, बाळंतिणीची पाठ. हात नाही चालले तं ती खोली, अन् त्या खोलीत नुसतं बसून राहणं. अंजनाबाई "हाव" म्हणाली अन् बाहेर आली. आता भाची आणायची कुठून?

दोन दिवस तिनं डोकसं खाजवलं. मग पिंकी आठवली. पिंकी म्हणजे इतवारीत साडीच्या दुकानात आहे न, ती. महालातली एकुलती एक पोट्टी जी रस्त्यात स्वतःहून ओरडे, "ओ मालीशवाली मावशी!" कारण तिच्या मायनं तिले लहानपणापासून सांगितलं होतं की तुह्यं नाक ह्या बाईनं दाबून दाबून सरळ केलं, नाही तं भजं होतं. अंजनाबाई इतवारीत गेली. हातगाड्या, टेम्पो, हमाल, त्यातून वाट काढत दुकानात शिरली. पिंकी गिऱ्हाइकापुढं साड्यांचा ढीग करून उभी.

"मावशी! ये न, ये. साडी घेतं का? लगन आहे का कोणाचं?"

"साडी नको वं. एक काम होतं." अंजनाबाईनं इकडंतिकडं पाहिलं. "तू माही भाची होशीन का?"

"आं?"

"एका दिवसापुरती. दवाखान्यात."

तिनं सारं सांगितलं. म्हणजे सारं नाही, अर्धं. डॉक्टरीणबाई ओरडते, भाची आण म्हणते, माही भाची गावाले गेली, असं.

पिंकीचे डोळे चमकले. "म्हणजे नाटक करायचं? मले? अवं मावशी, तू आधी काहून नाही आली! डॉक्टर पोट्टा आहे का पोट्टी?"

"पोट्टी आहे."

"हट्! तरी येतो, चाल."

शेठले डोकं दुखते सांगून पिंकी निघाली, अंजनाबाईले स्कूटीवर मांग बसवलं, अन् सुटली. रस्ताभर तिची तयारी सुरू. "मी तुले काय म्हणू? मावशी का आत्या? माही माय तुही बहीण ठेवू का? का भावाची पोरगी? भावाची ठेवू, भाऊ मेला म्हणू, जरा इमोशनल होते."

"मेलाच आहे तो," अंजनाबाई म्हणाली. पण हवेत ते पिंकीले ऐकू नाही आलं.

दवाखान्यात डॉक्टर अबोलीनं पिंकीले शिकवलं. रेती केवढी, गाठ कशी, आधी आपल्या हाताच्या मागच्या बाजूले लावून पाहायची, मग सांध्यावर, वरून खाली नाही, गोल, सांध्याभोवती. अन् पिंकी शिकली बरं का, फटाफट शिकली. कपडा उलगडायची सवय तिले, हात हलका. तिनं अंजनाबाईचं मनगट आपल्या तळहातावर घेतलं अन् पोटली फिरवायले लागली. अंजनाबाईनं डोळे मिटले. दिवाळीपासून तिच्या आंगाले डॉक्टर सोडून कोणाचा हातच लागला नव्हता. ह्या पोट्टीचं नाक इवलंसं होतं तेव्हा ह्याच बोटांनी धरलं होतं, अन् आता ती पोट्टी हेच मनगट धरून होती. अन् पिंकीचं तोंड सुरू.

"मॅडम, तुम्ही टेन्शनच घेऊ नका. सकाळी मी उठतो न, आधी आत्याचं सुंठीचं पाणी ठेवतो. मग इले उठवतो. इले उठवत नाही म्हणजे, हात देतो, कारण इची बोटं आखडतात न सकाळी. मग कढण करून देतो. दही मागते कधी कधी, मी बिलकूल देत नाही. संध्याकाळी आली की पाय दाबून देतो. मग आम्ही दोघी टीव्ही पाहतो, ही मधातच झोपते, मग चादर टाकतो आंगावर..."

पिंकी असं पटापट सांगत होती, जसा साडीचा पदर उलगडून दाखवते. अन् अंजनाबाई ऐकत होती. सुंठीचं पाणी ठेवलं, हात देला, चादर टाकली. ऐकता ऐकता तिले ती खोली दिसायले लागली, त्या खोलीत ती पोट्टी दिसायले लागली, टीव्ही तं तिच्याकडे नव्हताच पण तोही दिसला. तिले वाटलं, हिनं बोलणं थांबवू नये.

"नशीबवान आहात मावशी," डॉक्टर अबोली म्हणाली. अन् पुढच्या पेशंटले बोलावलं.

बाहेर आल्या. पिंकी उड्या मारून राहिली होती. "कसं केलं? चादर तं मले तिथल्या तिथंच सुचली! मी सिरियलमध्ये पाहिजे होती वं मावशी." तेवढ्यात शेठचा फोन आला, ती स्कूटीवर बसली, मग काय वाटलं कोणास ठाऊक, परत वळली. "पण मावशी, खरंच, रोज कोण करून देते तुले? मी आली असती, पण माह्यं दुकान..."

आता पाहा, पोट्टीनं विचारलं होतं. मनापासून विचारलं होतं. अन् अंजनाबाईच्या तोंडून काय निघालं असंन?

"आहे न, वच्छला आहे शेजारी. ती करते."

"मग ठीक आहे!" अन् पिंकी भुर्रकन गेली.

म्हणजे आता कसं झालं, डॉक्टरीणबाईले वाटे पिंकी आहे. पिंकीले वाटे वच्छला आहे. वच्छलाले वाटे, इचा कोणी मोठा डॉक्टर आहे, इले आता आपली गरज नाही. ज्या घरचं काम सोडलं त्यांना वाटे, ही गावाले भाचीजवळ सुखात आहे. साऱ्यांना वाटे, अंजनाबाईजवळ कोणी आहे. प्रत्येकजण दुसऱ्याच्या भरोशावर निश्चिंत. अन् हे सारं कोणी केलं? तिनंच. इतकं चांगलं केलं की आता त्यात आत शिरायले कोणाले फटही नव्हती.

ती बसस्टॉपवर येऊन उभी राहिली. थंडीचे दिवस, दुपारचं ऊन, लोक संत्री सोलून खाऊन राहिले होते. बस आली. तिनं दांडा धरायले हात वर केला, अन् शेकल्यामुळं की काय, बोटं थोडी वळली. थोडीच. दांड्याभोवती पुरती नाही आली, पण वळली. कंडक्टर ओरडला, "चला मावशी, चढा न!" अन् अंजनाबाईनं ती बोटं पाहिली अन् हात खाली घेतला. बस गेली.

कारण तिले समजलं न, की हे होऊ शकते. शेकलं तं होऊ शकते. अन् उद्या सकाळी खोलीत शेकणारं कोणी नाही. जोपर्यंत काही होणारच नव्हतं तोपर्यंत खोटं बोलणं सोपं होतं. आता नव्हतं.

ती मांग फिरली. हॉल रिकामा झाला होता, बाक उघडे पडले होते, डॉक्टर अबोली टेबलावर डबा उघडून बसली होती, तोंडात घास.

"काय झालं मावशी? काही राहिलं का?"

"ती भाची नाही माही."

डॉक्टरीणबाईचा घास थांबला.

"साडीच्या दुकानात आहे ती. लहानपणी मालीश केली होती मी तिची. तिचा काही दोष नाही. मीच आणली."

"बरं. मग घरी कोण आहे?"

अंजनाबाईले वाटलं होतं, हे बोलताना रडू येईन. नाही आलं. तिनं नुसतं सांगून टाकलं.

"कोणी नाही."

पंखा बंद होता, हॉलमध्ये कोणी नव्हतं, तरी तिले ते मोठ्यानं बोलल्यासारखं वाटलं. जसं साऱ्या महालानं ऐकलं.

डॉक्टर अबोली पाणी प्याली. अन् ती काही कळवळली वगैरे नाही बरं का, चिडली! "मावशी, तुम्ही हात भाजून घेतलात न ह्याच्यासाठी? मला वाटत होतं घरी कोणीतरी करतंय, म्हणून मी घरचं सांगितलं. नाही म्हणाला असतात तर पहिल्याच दिवशी इथे बोलावलं असतं. माया आहे न इथं, रोज करते ती लोकांचं. सकाळी यायचं, उपाशीपोटी."

"रोज?"

"रोज. आणि सूज काही आठवड्यात पळणार नाही, महिने लागतील. पुन्हा पहिल्यासारखे हात होतील की नाही ते मी आज सांगू शकत नाही. पण यायचं."

"सोबत कोणी लागते न?"

"कशाला? बसचं तिकीट काढायला?"

इतकं सोपं होतं ते. अंजनाबाई घरी येईस्तोवर त्याच सोपेपणानं हैराण होती. घरी आली तं खोली तीच, खाट तीच, कढईत थंड रेती. तिनं कढण केलं, प्यायली, एरंडेल नाक दाबून घेतलं, झोपली. खोटं बोलून संपलं म्हणून खोलीत कोणी येऊन बसलं असं काही झालं नाही.

सकाळी गेली. पडदा लावलेली खोली, लाकडी टेबल, कोपऱ्यात शेगडीवर मोठी कढई, अन् माया. माया म्हणजे धष्टपुष्ट बाई, कमी बोलणारी, हातात एका वेळी दोन पोटल्या. "झोपा मावशी," म्हणाली अन् सुरू झाली. आधी मनगट, मग कोपर, मग तो खांदा, जिथपर्यंत भिंतीशिवाय कोणी पोहोचलं नव्हतं. अंजनाबाईतली मालीशवाली पहिल्यांदा जागीच होती. ती मनात म्हणे, दाब जास्त होऊन राहिला, इथं अंगठा पाहिजे होता. मग तीही थकली. ऊब हाडापर्यंत गेली, अन् इतक्या महिन्यांची जागी असलेली बाई, तिचे डोळे असे जड झाले, असे जड झाले...

"ओ मावशी! ओ! झोपायचं नाही!"

"आं?"

"दिवसा झोपलं की सूज वाढते ह्या दुखण्यात. डॉक्टरीणबाई मले ओरडते."

"नाही झोपत."

अन् लगेच घोरली. मायानं पोटलीनं टोचलं.

"मावशी! काहीतरी बोलत राहा बरं. बोललं की झोप येत नाही. साऱ्यांले मी बोलायलेच लावतो."

"काय बोलू?"

"काहीही बोला. मले काय."

अंजनाबाईनं छताकडे पाहिलं. काहीही बोला! हे तिले कोणी म्हटलंच नव्हतं. लोक तिच्याजवळ बोलत, सासूचं, नवऱ्याचं, ती रगडत राहे अन् हूं म्हणे. आता हूं म्हणणारी दुसरीच होती, अन् बोलायचं हिनं. तिनं मनात शोधलं. नवरा? नको. ते सरकलेलं लेकरू? नाही, आज नाही. मग तिले सकाळचंच आठवलं.

"आज बसमध्ये न," ती म्हणाली, अन् तिचा आवाज तिलेच जाडाभरडा वाटला, "एक संत्रीवाला चढला. टोपली घेऊन. कंडक्टर म्हणे, टोपलीचं तिकीट काढ."

"हूं," माया म्हणाली. पोटली ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर गेली.

"तो म्हणे, टोपली काय सीटवर बसली का? कंडक्टर म्हणे, मग तू तिले मांडीवर घे. त्यानं घेतली. इतकी मोठी टोपली, तिच्यामांग तो दिसेचना. अन् मग एक म्हातारी चढली, तिले वाटलं सीट रिकामी आहे, नुसती टोपलीच ठेवली आहे..."

पोटली थंड झाली. माया उठून कढईकडे गेली, पडद्यामांग. रेती हलवायचा खरखर आवाज आला, मग तिथं तिले कोणीतरी हाक मारली, ती काहीतरी उत्तर देत राहिली. अंजनाबाई टेबलावर उघडे खांदे घेऊन एकटी पडली होती. तिनं गोष्ट तिथंच थांबवून धरली. डोळे मिटू देले नाहीत. आता माया येते का नाही, अन् आली तरी तिले काय पडलं आहे म्हातारीचं, असं तिले वाटून राहिलं होतं.

पडदा सरकला. गरम पोटली खांद्यावर आली.

"मग?" माया म्हणाली. "बसली का म्हातारी टोपलीवर?"